अस्मानी की सुलतानी? वेलिंग्टनच्या बर्फावर पडलेला पाऊस

'अस्मानी-सुलतानी' हा जोडशब्द मराठीत आपण इतक्या सहज वापरतो की त्यात दोन वेगळी संकटं आहेत हे विसरूनच जातो. अस्मान म्हणजे आभाळ. तिथून येतं ते अस्मानी: दुष्काळ, गारपीट, महापूर. सुलतानी म्हणजे सत्ता हाती असलेल्या माणसाकडून येतं ते: जाचक सारा, लूट, लढाई. हा शब्द फारसीतून महसुली कागदांत आला आणि तिथून गावच्या बोलीत उतरला. जुन्या कौलांत या दोन्हींचा उल्लेख करावा लागे, कारण पीक बुडालं तर साऱ्यात सूट द्यायची की नाही हा प्रश्न असे. म्हणजे संकट नेमकं कुठून आलं हे विचारणं आपल्याकडे फार जुनं आहे.

परवा विम्याच्या एका कागदावरचा बारीक मजकूर वाचत होतो. त्यात 'अॅक्ट ऑफ गॉड' हा इंग्रजी कायद्यातला शब्द भेटला. देवाची करणी. म्हणजे आपल्या जोडीतला पहिला अर्धा भाग. तो वाचून एका जुन्या अमेरिकी खटल्याची आठवण झाली. आगगाडीत झोपलेली माणसं, डोंगरावर साचलेला बर्फ आणि त्या बर्फावर पडलेला पाऊस यांचा तो खटला. शेवटी न्यायालयाने सारं काही अस्मानीच्या खात्यात टाकलं. मला तो हिशेब कधी पटला नाही. का, ते सांगतो.

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, पॅसिफिक महासागराला समांतर, कॅस्केड नावाची पर्वतरांग आहे. समुद्रावरून येणारे ढग तिथे अडतात. आपल्या सह्याद्रीवर अडतात तसेच, फक्त तिथे हिवाळ्यात आणि पावसाऐवजी बर्फ घेऊन. जेम्स हिल या उद्योगपतीच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने याच रांगेतून, स्टीव्हन्स पासच्या घाटातून, आपला मार्ग नेला होता. १९०० साली घाटमाथ्याखालून सुमारे सव्वाचार किलोमीटरचा कॅस्केड बोगदा तयार झाला. त्याच्या पश्चिमेकडच्या तोंडाशी वेलिंग्टन हे छोटं स्टेशन होतं. चार-दोन रुळांचं यार्ड, इंजिनांची शेड, एक हॉटेल, कामगारांच्या खोल्या. खाली टाय नदीची दरी, वर विंडी माउंटनचा उतार.

वेलिंग्टनची उंची साधारण ९५० मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही कमी. हिमस्खलन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सियाचीन येतं, वीस हजार फूट येतात. पण धोका उंचीने ठरत नाही. उलट अशा मध्यम उंचीच्या, समुद्राजवळच्या डोंगरांत एक वेगळाच घात असतो. तिथलं तापमान हिवाळ्यात शून्याच्या आसपास घुटमळतं. आज बर्फ पडतो, उद्या वारा फिरला की त्याच ढगांतून पाऊस पडतो.

स्टेशनवरचा उतार पूर्वी दाट झाडीचा होता. झाडांची खोडं बर्फाला खुंट्यांसारखी धरून ठेवतात. पण रेल्वे आली तशी इंजिनांच्या ठिणग्यांनी वणवे लागले, झाडं जळाली आणि १९१० पर्यंत त्या उतारावर बरीचशी जळकी खोडंच उरली होती. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२२ फेब्रुवारी १९१० च्या संध्याकाळी स्पोकेन शहरातून सिॲटलकडे एक प्रवासी गाडी निघाली. तिच्या मागोमाग टपालाची जलद गाडी होती. एका दिवसाचाही प्रवास नव्हता. पण घाटात वादळ होतं. दोन्ही गाड्या आधी बोगद्याच्या पूर्वेकडच्या तोंडाशी थांबवून ठेवल्या. मग त्यांना बोगद्यातून पलीकडे आणून वेलिंग्टनला उभं केलं. त्या पलीकडे गेल्यावर पूर्वेकडची ज्या खानावळीत प्रवाशांनी जेवण केलं होतं ती हिमस्खलनाखाली गाडली गेली आणि आतली दोन माणसं मेली. बातमी वेलिंग्टनला पोचली तेव्हा गाडीतल्या लोकांनी आपल्या डोक्यावरच्या उताराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं असावं.

बर्फ थांबेना. काही वेळा तासाला फूटभर बर्फ पडत होता. या भागाचा अधीक्षक जेम्स ओ'नील स्वतः मैदानात होता. समोर भलं मोठं फिरतं पातं असलेली, बर्फ कापून बाजूला फेकणारी रोटरी इंजिनं त्याने कामाला लावली. ती एकीकडे वाट मोकळी करत आणि मागे दुसरा कडा कोसळून वाट बुजत असे. कोसळलेल्या बर्फात झाडांचे ओंडके आणि दगड असले की पातं चालत नाही, ते माणसांनी फावड्याने काढावे लागतात. एकेक करून रोटरी इंजिनं अडकली. वेलिंग्टनचा कोळसा संपत आला. तारायंत्राच्या तारा तुटल्या.

आणि याच वेळी फावडी चालवणाऱ्या मजुरांनी मजुरी वाढवून मागितली. तासाला १५ सेंट मिळत होते. कंपनीने नकार दिला. बरेच मजूर सामान उचलून, रुळांवरून पायी, खाली निघून गेले.

ओ'नीलला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर होणार नाही. तो दिवसचे दिवस झोपला नव्हता. ज्या बर्फात त्याने मजुरांना उतरवलं त्यात तो स्वतःही उभा होता. मात्र त्याच्या हातातले निर्णय मर्यादित होते. किती कोळसा साठवायचा आणि मजुरांना काय दर द्यायचा, हे एका रात्रीत ठरत नाही. ते आधीच्या उन्हाळ्यात, कुठल्यातरी कोरड्या खोलीत, टेबलावर ठरलेलं असतं.

प्रवासी गाडीतले लोक तोवर हवालदिल झाले होते. त्यांत लहान मुलं होती, आजारी माणसं होती. त्यांनी बैठका घेतल्या. गाडी परत बोगद्यात न्या, अशी मागणी केली. डोंगराच्या पोटापेक्षा सुरक्षित जागा कुठली? रेल्वेच्या लोकांनी नाही म्हटलं. त्यांची कारणं अगदीच पोकळ नव्हती. डबे उबदार ठेवायचे तर इंजिन पेटतं ठेवावं लागणार आणि बोगद्यात धूर कोंडणार. त्या बोगद्यात धुराने माणसं गुदमरायची, म्हणून तर १९०९ मध्ये तिथे विजेची इंजिनं आणली होती. शिवाय आत ओल, अंधार आणि जीवघेणी थंडी. गाड्या बाहेर यार्डातच राहिल्या. या उतारावरून पूर्वी कधी कडा कोसळलेला नाही, असंही रेल्वेचं म्हणणं होतं.

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पूर्वी कधी कोसळला नव्हता हे खरं असेलही. पण पूर्वी तिथे जंगल होतं. उतार बदलला होता, अनुभव मात्र जुनाच वापरला जात होता.

काही प्रवासी जिवावर उदार होऊन खालच्या सीनिक या स्टेशनाकडे पायी निघाले आणि शेवटच्या तीव्र उतारावरून अक्षरशः बसून घसरत पोचले. ते वाचले. ओ'नीलही मदतीसाठी तारा करायला तसाच खाली गेला. बायका, मुलं, म्हातारी माणसं आणि त्यांना सोडून न जाणारे लोक वर राहिले.

२८ फेब्रुवारीला हवा बदलली. वारा उबदार झाला. संध्याकाळनंतर बर्फाच्या जागी पाऊस सुरू झाला, ढग गडगडू लागले, विजा चमकू लागल्या. ज्यांनी पाच-सहा दिवस नुसता बर्फ पाहिला होता त्यांच्यापैकी काहींना हायसं वाटलं असेल तर नवल नाही. थंडी हटली, आता वितळेल, आता सुटलो.

इथे थोडं थांबून हा पाऊस काय करतो ते समजून घेऊ. नव्या बर्फात बहुतेक हवाच असते. एक घनमीटर ताजा, भुसभुशीत बर्फ उचलला तर तो पन्नास ते शंभर किलो भरतो. तेवढ्याच पाण्याचं वजन हजार किलो. उतारावर साचलेला बर्फ स्थिर राहतो तो कणाकणांच्या पकडीमुळे. बर्फाचे कण एकमेकांना जिथे टेकतात तिथे हळूहळू जुळतात, सांधे धरतात. पाऊस दोन कामं एकदम करतो. वरच्या थराचं वजन वाढवतो आणि पाण्याच्या उबेने हे सांधे सैल करतो. पाणी झिरपत खाली जातं आणि एखाद्या जुन्या, गुळगुळीत, बर्फाळ पापुद्र्यावर अडून साचतं. आता वरचा जड थर जणू ओल्या फरशीवर उभा असतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर फार वाट पाहावी लागत नाही. ताज्या बर्फावर पाऊस सुरू झाल्यापासून काही तासांत, कधी काही मिनिटांत, सबंध थर सुटू शकतो. म्हणून डोंगरातली जाणती माणसं कडाक्याच्या थंडीपेक्षा जोरदार बर्फानंतरच्या उबदार पावसाला जास्त भितात.

आपल्याला हे परकं वाटायला नको. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. तिथे बर्फ नव्हता, माती होती. पण पाण्याने जड झालेला आणि आतून सैल झालेला उतार, खाली झोपलेलं किंवा नुकतं जागं झालेलं गाव, हे चित्र तेच. आणि नंतरचा वादही तोच होता: पाऊस फार झाला म्हणून, की डोंगराशी माणसाने काही केलं म्हणून?

१ मार्च १९१०, रात्री पावणेदोनच्या सुमारास, वेलिंग्टनवर वीज कडाडली. विंडी माउंटनच्या उतारावरचा बर्फाचा थर सुटला. पाव मैल रुंद, दहा फुटांहून उंच अशी ती पांढरी भिंत यार्डावर आली. प्रवासी गाडी, टपाल गाडी, रोटरी, वाफेची आणि विजेची इंजिनं, इंजिनशेड, सगळं उचलून तिने दीडशे फूट खाली टाय नदीच्या दरीत टाकलं. हॉटेलला धक्का लागला नाही. तिथे झोपलेले लोक बाहेर आले तेव्हा समोर गाड्याच नव्हत्या.

ओला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. त्यात गाडल्या गेलेल्या माणसाला हात हलवता येत नाही. हॉटेलातले आणि खोल्यांतले लोक कंदील घेऊन, पावसात, फावडी आणि हात वापरून खणत राहिले. २३ जण जिवंत निघाले. सर्वांत शेवटी एक आई सापडली, अकरा तासांनी. तिचं तान्हं बाळ तिच्या अंगाखालीच गेलं होतं. एकूण ९६ माणसं मेली. त्यांत ३५ प्रवासी. बाकी सगळे रेल्वेचे आणि टपालाचे कामगार, त्यांतले बरेचसे गाड्यांतच झोपलेले. शेवटचे मृतदेह बर्फ वितळल्यावर, जुलैअखेरीस हाती लागले. अमेरिकेच्या इतिहासात एका हिमस्खलनात याहून जास्त माणसं कधी मेलेली नाहीत.

वेलिंग्टनमध्ये मृतदेह शोधणं चालू असतानाच, सरहद्दीपलीकडे कॅनडात, ४ मार्चच्या रात्री रॉजर्स पासमध्ये जवळजवळ तेच घडलं. तिथेही आधी दिवसेंदिवस बर्फ पडला होता आणि मग हवा उबदार झाली होती. एक कडा कोसळून कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ बुजले, म्हणून मजुरांची टोळी रात्रीच खणायला पाठवली. ते खणत असताना समोरच्या डोंगरावरून दुसरा कडा आला. ५८ जण गेले. त्यांतले ३२ जपानी होते, रोजंदारीसाठी समुद्र ओलांडून आलेले. वेलिंग्टनच्या प्रवाशांबद्दल जितकं लिहिलं गेलं त्याच्या पासंगालाही न पुरणारं या जपानी मजुरांबद्दल लिहिलं गेलं. गाडीत बसलेल्यांचं मरण आणि रूळ मोकळे करणाऱ्यांचं मरण यांची किंमत वर्तमानपत्रांत तेव्हाही वेगळी होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वेलिंग्टनच्या मृत्यूंची सरकारी चौकशी झाली. सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने निकाल दिला की हिमस्खलन माणसाच्या ताकदीपलीकडचं होतं. पण ते तिथेच थांबले नाहीत. वेलिंग्टनला पुरेसा कोळसा ठेवलेला नव्हता, संकटाच्या काळात मजूर टिकतील असा दर दिला नाही, गाड्या सुरक्षित जागी ठेवल्या नाहीत, असे ठपकेही त्यांनी नोंदवले. माझ्या मते हा त्या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा कागद. कारण त्यात अस्मानी आणि सुलतानी दोन्ही रकाने भरलेले आहेत.

मग एका मृत प्रवाशाच्या मुलाच्या वतीने रेल्वेवर भरपाईचा दावा दाखल झाला. १९१३ मध्ये खालच्या न्यायालयातल्या ज्यूरीने रेल्वेला जबाबदार धरलं. रेल्वे वर गेली. १९१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. हिमस्खलन ही देवाची करणी, तिच्यासाठी कंपनी जबाबदार नाही. एक रकाना भरला, दुसरा खोडून टाकला.

आमच्या घरांत 'अल्लाची मर्जी' हे शब्द रोज कानावर पडतात. मयतीच्या घरी तर तेच शब्द आधार देतात. त्यांची थट्टा मला करायची नाही. पण त्याच घरांत आणखी एक शिकवण लहानपणी ऐकवली जाते: उंट आधी बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, भरवसा ठेवायचा. तकदीर आणि तदबीर अशी ही जोडी आहे. मेलेल्याच्या आईने 'मर्जी' म्हणणं वेगळं आणि ज्याने उंट बांधला नाही त्याच्या वकिलाने म्हणणं वेगळं. शब्द तोच, पण एकीला त्यातून सबर मिळतो आणि दुसऱ्याला सुटका.

वेलिंग्टनमध्ये काय काय बांधायचं राहिलं होतं ते पाहा. बर्फ आभाळातून आला, पाऊस आभाळातून आला, वीजही. हे सगळं अस्मानी, कबूल. पण झाडं इंजिनांच्या ठिणग्यांनी जळाली. कोळसा हिशेबात कमी पडला. मजूर दरावरून गेले. अशा उताराच्या पायथ्याशी यार्ड बांधायची जागा माणसाने निवडली. आभाळाने पाऊस धाडला, पण त्या रात्री त्याच्याखाली गाड्या कोणी आणि का उभ्या ठेवल्या, याचं उत्तर आभाळाकडे मागता येत नाही.

आणि रेल्वेलाही हे मनातून ठाऊक होतंच. न्यायालयात देवाची करणी म्हणणारी हीच कंपनी बाहेर भराभर सिमेंट ओतत होती. जिथून गाड्या दरीत गेल्या त्याच जागी रुळांवर भक्कम काँक्रीटचं बर्फछत उभं राहिलं, कडा कोसळला तर वरच्या वर दरीत निघून जावा म्हणून. १९२९ मध्ये तर साडेबारा किलोमीटरचा नवा बोगदा खणून तो सगळा घाटच सोडून दिला. कॅनडातही रॉजर्स पासखालून आठ किलोमीटरचा बोगदा १९१६ मध्ये सुरू झाला. ज्याच्यापुढे माणूस हतबल आहे असं कोर्टात सांगितलं, त्याच्यावर उपाय करायला अभियंत्यांना ठरावीक पैसा आणि ठरावीक वर्षं पुरली.

अशी दुसरी एक नोंद सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या महायुद्धात इटलीच्या मार्मोलाडा पर्वतावर ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैनिकांचा तळ होता. तळाच्या प्रमुखाने ही जागा हिमस्खलनाच्या वाटेत आहे, तळ हलवू द्या, असं वरिष्ठांना लिहून कळवलं होतं. परवानगी मिळाली नाही. शत्रूच्या तोफांपासून ती जागा चांगली आडोशाची होती ना! १३ डिसेंबर १९१६, प्रचंड बर्फानंतर हवा एकाएकी उबदार झाली आणि पहाटे कडा आला. अडीचशेहून जास्त सैनिक गेले. त्यांत एक बोस्नियाची तुकडीही होती. बोस्नियाच्या पलटणींत मुसलमान, ऑर्थोडॉक्स, कॅथलिक असे सगळे असत, म्हणजे सहा वर्षांपूर्वी वेलिंग्टनच्या डब्यांत झाले तसे इथेही नाना देवांना हाका मारणारे लोक एकाच बर्फाखाली गेले. त्या अधिकाऱ्याचं पत्र मात्र मागे राहिलं. देवाची करणी म्हणायची सोय तिथे त्या पत्राने ठेवली नाही.

वेलिंग्टनला असं पत्र नव्हतं. प्रवाशांच्या मागण्या होत्या, बैठका होत्या. पण त्या करणारे बहुतेक बर्फाखाली गेले.

त्याच वर्षी, १९१० च्या शरद ऋतूत, रेल्वेने स्टेशनचं नाव बदललं. वेलिंग्टनचं टाय झालं, दरीतल्या नदीच्या नावावरून. प्रवाशांना वेलिंग्टन म्हटलं की मेलेली माणसं आठवायची, आणि तिकिटं तर विकायची होती. आता तिथे गाड्या येत नाहीत. सोडून दिलेल्या रेल्वेमार्गावर आयर्न गोट ट्रेल नावाची पायवाट आहे. तिच्यावरून चालताना पाऊण किलोमीटर लांबीचं ते काँक्रीटचं बर्फछत लागतं. त्याचे खांब अजून ताठ उभे आहेत आणि वरच्या उतारावर झाडं पुन्हा वाढली आहेत.